वेतनमर्यादेचा ताळेबंद

16 फेब्रुवारी 2005 रोजी आयुक्त गॅरी बेटमन यांनी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या बर्फावरील हॉकीच्या लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले, आणि 1919 साली इन्फ्लुएंझाच्या साथीने अंतिम लढत अर्धवट सोडावी लागली होती त्यानंतर प्रथमच स्टॅन्ले करंडक कोणाच्याही हाती लागला नाही. हा खेळाडूंचा संप नव्हता. ही मालकांनी पुकारलेली टाळेबंदी होती, आणि गिरणगावाचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकास या दोहोंतील भेद निराळा सांगावयास नको. मालकांची मागणी एकच होती, ती म्हणजे प्रत्येक संघाने खेळाडूंवर करावयाच्या एकूण खर्चास कमाल मर्यादा असावी. आणि त्या मागणीचे समर्थन गरीब संघांच्या नावाने करण्यात येत होते. लीग-स्पर्धांचे नियम, लिलावांच्या अटी आणि खेळाडूंचे करारनामे ज्यांच्या हातून लिहिले जातात, अशा आमच्या वाचकांनी त्या समर्थनाची छाननी एकवार बारकाईने करावी, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

समर्थन अगदीच निराधार होते, असे म्हणता येणार नाही. क्वेबेकचा संघ 1995 साली डेन्व्हरला गेला, विनिपेगचा 1996 साली फिनिक्सला आणि हार्टफर्डचा 1997 साली नॉर्थ कॅरोलायनात. कॅनडातील संघांची अडचण दुहेरी होती: तिकिटांचा वसूल कॅनडाच्या डॉलरमध्ये, वेतनाचा चुकारा अमेरिकेच्या डॉलरमध्ये, आणि त्या शतकाच्या अखेरीस या दोन चलनांतील अंतर इतके रुंदावले की, केवळ हुंडणावळीपायीच संघाच्या तिजोरीला भोक पडावे. त्यांपैकी एडमंटनने 1988 साली वेन ग्रेट्स्की या आपल्या अव्वल खेळाडूला लॉस अँजेलिसच्या हवाली केले, तेव्हा त्या व्यवहारात खेळाडूंच्या जोडीला दीड कोटी डॉलर रोख होते. आणि 1998 साली स्थानिक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन हा संघ विकत घेतल्यानंतरही परिस्थिती अशी की, 2001 साली संघाचा कर्णधार डग वेट याला, त्याचे वेतन यापुढे परवडणार नाही म्हणून, सेंट लुईसला देऊन टाकावे लागले. खेळाडू हाताशी धरावा, चारचौघांत नावारूपास आणावा, आणि त्याचे मोल वाढताच तो श्रीमंताच्या दारी नेऊन पोचवावा, हा त्या शहराचा जणू नित्यक्रमच झाला होता.

तथापि याच काळातील दुसरी बाजू मालकांच्या निवेदनांत फारशी आढळत नाही. टाळेबंदीपूर्वीच्या शेवटच्या हंगामात डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क रेंजर्स यांचा वेतनखर्च प्रत्येकी पावणेआठ कोटी डॉलरच्या घरात होता, तर तळाचे संघ अडीच कोटींच्या आसपास होते. आणि तरीही करंडक नेला तो साडेतीन कोटींच्या आतबाहेर असलेल्या टँपा बे संघाने, अंतिम लढतीत कॅलगरीसारख्या तितक्याच बेताच्या संघास हरवून. रेंजर्स तर 1997-98 पासून सलग सात हंगाम बाद फेरीतही पोचले नव्हते. पैशाने विजय हमखास विकत मिळतो, हे प्रमेय त्या लीगमध्ये तेव्हाही सिद्ध झालेले नव्हते. मालकांना मुख्यतः हवी होती ती स्वतःच्या खर्चाची निश्चिती. गरिबांचा कळवळा हा त्या मागणीस चढविलेला मुलामा होता, असे आमचे मत आहे.

अखेरीस तडजोड झाली. कमाल मर्यादा 3.9 कोटी, किमान 2.15 कोटी, अस्तित्वात असलेल्या प्रत्येक करारातील वेतनात 24 टक्क्यांची सरसकट कपात, आणि पुढे लीगचे उत्पन्न वाढेल तशी मर्यादाही वाढावी अशी तजवीज. आणि मग, शाई वाळते न वाळते तोच, ऑगस्ट 2005 मध्ये अशी घटना घडली की जिच्यावाचून हा सगळा कायदा कागदी वाटला असता: ज्या सेंट लुईसने चार वर्षांपूर्वी एडमंटनचा कर्णधार नेला होता, त्याच सेंट लुईसकडून ख्रिस प्रॉंगर हा त्या काळचा एक अव्वल बचावपटू एडमंटनला आला आणि त्याने पाच वर्षांच्या करारावर सही केली. नव्या व्यवस्थेच्या पहिल्याच हंगामात एडमंटन आपल्या विभागात आठवा, म्हणजे बाद फेरीस जेमतेम पात्र ठरलेला संघ. पण त्याने पहिल्याच फेरीत, नियमित हंगामात सर्वांत वरचढ ठरलेल्या डेट्रॉइटला घरी बसविले आणि अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली. समोर कोण होते, तर हार्टफर्ड सोडून गेलेला तोच नॉर्थ कॅरोलायनाचा संघ.

वेतनमर्यादेचा खरा गुण आम्ही येथे पाहतो. ती गरीब संघास विजय मिळवून देत नाही; ती त्यास बोलीच्या वेळी माणसांत बसवते. म्हणून एखाद्या लीगमध्ये ही व्यवस्था फळास आली की नाही हे ठरविताना विजेत्यांची यादी पाहण्यापेक्षा, आपण घडविलेला खेळाडू ऐन उमेदीच्या वर्षांत आपल्याकडे ठेवणे लहान संघास साधते काय, हे पाहावे. टोरँटोचा संघ आजही गडगंज आहे आणि 1967 नंतर त्याने करंडक पाहिलेला नाही, हा प्रकार चर्चेस रंगतदार असला तरी त्यावरून मर्यादेच्या बाजूने वा विरुद्ध काहीच निष्पन्न होत नाही. शिवाय मर्यादा पैशास आवर घालते, मनास नव्हे: अंतिम लढतीनंतर प्रॉंगरने वैयक्तिक कारणास्तव बदली मागितली, तो ॲनाहाइमला गेला, आणि ॲनाहाइमने पुढच्याच वर्षी करंडक जिंकला.

ज्या पैशाला दारातून मज्जाव होतो तो खिडकीतून शिरण्याची खटपट करतो, आणि येथे ती खटपट कारकुनी बुद्धीची होती. नियमानुसार मर्यादेत धरली जाते ती कराराच्या मुदतीवर काढलेली वार्षिक सरासरी. तेव्हा न्यू जर्सीने 2010 साली इल्या कोव्हलचुकला सतरा वर्षांचा, 10.2 कोटी डॉलरचा करार देऊ केला. त्यातील सिंहाचा वाटा आरंभीच्या वर्षांत, आणि शेवटची वर्षे, जेव्हा खेळाडू चाळिशी ओलांडून चव्वेचाळीस वर्षांचा होणार, नाममात्र वेतनाची, केवळ सरासरी खाली ओढण्यापुरती. लीगने तो करार फेटाळला, लवादाने लीगची बाजू उचलून धरली, आणि न्यू जर्सीस दंडही झाला. टँपा बे संघाने 2021 साली अधिक सफाई दाखविली. निकिता कुचेरोव्ह नियमित हंगामभर जायबंदींच्या यादीत राहिला, त्यामुळे त्याच्या वेतनाइतकी सवलत संघास मिळाली. बाद फेरीत मर्यादा लागूच नसल्याने तो तेथे परतला, आणि विजयानंतर ‘मर्यादेहून 1.8 कोटी वर’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला सदरा घालून मिरवला. हे सर्व नियमात बसत होते. बाद फेरीसही मर्यादा लावण्याचे कलम येण्यास 2025 चा करार उजाडावा लागला.

पण आम्हास याहून अधिक खटकते ते किमान मर्यादेचे झालेले हसे, कारण गरीब संघाने निदान इतका तरी खर्च करून प्रेक्षकांपुढे बरा संघ उभा करावा, या हेतूने ती घातलेली. प्रॉंगर नोव्हेंबर 2011 नंतर डोळ्याच्या दुखापतीमुळे एकही सामना खेळला नव्हता, आणि 2014 पासून तर तो लीगच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात काम करीत होता. तरी जून 2015 मध्ये ॲरिझोनाने त्याचा करार फिलाडेल्फियाकडून घेतला. हिशेबवहीत तो 49.4 लाख डॉलरचा खेळाडू, प्रत्यक्ष चुकारा 5.75 लाखांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची हॉकीच्या सन्मान-दालनात प्रतिष्ठापना झाली, म्हणजे ज्याचे कर्तृत्व इतिहासजमा झाल्याचे समारंभपूर्वक मान्य झाले, तो माणूस त्याच क्षणी ॲरिझोनाच्या पटावर हजर होता. पुढल्या वर्षी पावेल दात्स्युक रशियाला परत निघाला असता त्याचाही 75 लाखांचा करार ॲरिझोनाने घेतला. त्यात तर एक छदामही द्यावयाचा नव्हता. हा संघ अखेरीस विद्यापीठाच्या पाचेक हजार आसनांच्या क्रीडागृहात खेळू लागला आणि 2024 साली युटाह राज्यात हलविण्यात आला.

आपल्याकडील लीगांत पर्स सर्वांना सारखी असते, त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हे अशी समजूत आहे. हॉकी इंडिया लीग 2024 साली पुनरुज्जीवित झाली तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघास 24 खेळाडूंसाठी चार कोटी रुपयांची पर्स होती, आणि सूरमा क्लबने त्यांतील 78 लाख एकट्या हरमनप्रीत सिंगवर लावले. तो अव्वल खेळाडू आहे, त्याबद्दल वाद नाही; परंतु उरलेल्या तेवीस जणांस सव्वातीन कोटींतच भागवावे लागले, हेही खरे. टोरँटोने 2019-20 मध्ये चार आघाडीपटूंवर मर्यादेची जवळजवळ निम्मी रक्कम खर्ची घातली आणि मधल्या फळीचे खेळाडू स्वस्तात शोधण्याची पाळी आपल्यावर ओढवून घेतली, तो याच जातीचा प्रकार. दोन संघांमधील दरी बुजविताना एकाच संघात नवी दरी पडते, आणि तिची झळ लागते ती बिनीच्या नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूस.

कबड्डी, हॉकी वा क्रिकेटच्या राज्य पातळीवरील लीगचे नियम बनविणाऱ्यांनी म्हणून पर्सचा आकडा ठरविण्यात महिने न घालविता तीन कलमांकडे अगोदर पाहावे, असे आम्ही सुचवितो. किमान खर्चाची मोजणी मैदानात उतरणाऱ्या खेळाडूस प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर व्हावी, करारावरील आकड्यावर नव्हे. पटावरील शेवटच्या खेळाडूसही किती मिळालेच पाहिजे, हे लिहून ठेवावे. आणि संघाने स्वतः तयार केलेला खेळाडू लिलावात जाण्यापूर्वी त्यास राखण्याचा हक्क, वा तो गेलाच तर बोलीतील काही हिस्सा, त्या संघास अथवा त्याच्या मूळ क्लबास मिळावा. यांतील तिसऱ्या कलमास मोठ्या शहरांतील मालक विरोध करतील, हे आम्ही धरूनच चाललो आहो. त्यांचे म्हणणे लेखी आल्यास पुढील अंकात ते जसेच्या तसे छापण्यास आमची हरकत नाही.