डासांच्या अळ्या आणि अर्धवट उपाय

पावसाळा सरू लागला की डेंग्यू व चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात आणि आपल्या दवाखान्यांत गुळवेल, पपईची पाने व धूपनद्रव्ये यांची चर्चा सुरू होते. ज्या पाण्यात रोगवाहक डास वाढतो, त्या पाण्याची चर्चा मात्र क्वचितच होते. निदानपरिवर्जनास चिकित्सेत अग्रस्थान देणाऱ्या आपणांस हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एडिस इजिप्ती हा डास घराभोवतीच्या लहान साठ्यांत वाढतो. जुना टायर, करवंटी, कुंडीखालची बशी, कूलर, रांजण ही त्याची ठिकाणे. तेथे अळीचे भवितव्य प्रामुख्याने अन्न आणि गर्दी यांवर ठरते. पाण्यात पाने व मेलेले किडे कुजतात. त्यांवर पोसणारे जीवाणू व बुरशी हे अळ्यांचे अन्न होय. अन्न मुबलक व अळ्या थोड्या असतील, तर उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. गर्दी झाली की पुष्कळ अळ्या मरतात, उरलेल्यांची वाढ कित्येक दिवस रेंगाळते आणि निघणारे डास खुजे असतात. खुजी मादी अंडी कमी घालते. तथापि तिला निरुपद्रवी समजू नये. एकदा शोषलेले रक्त अंड्यांस अपुरे पडल्यास ती पुन्हा दंश करते.

अर्धवट उपायाचा धोका येथेच आहे. दाटी झालेल्या साठ्यातील निम्म्या अळ्या मेल्या, तर उरलेल्यांच्या वाट्यास दुप्पट अन्न येते. ज्या उपासमारीने मेल्या असत्या, त्या जगतात व धष्टपुष्ट होतात. अशा अर्धवट अळीनाशाने प्रौढ डासांची संख्या घटण्याऐवजी वाढूही शकते, हे अगुदेलो-सिल्वा व स्पीलमन यांनी १९८४ साली प्रयोगाने दाखविले. निंबतेलाचे चार थेंब हौदात टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. निंबाच्या अळीनाशक गुणाविषयी आमची शंका नाही. परंतु योग्य मात्रेवाचून औषध कार्य करीत नाही, हे आपणच रुग्णांस सांगत असतो.

औषधनिर्मात्यांचा विचार तर अधिक गंभीरपणे व्हावयास हवा. क्वाथाचा चोथा, भिजलेली पाने आणि उघडी पिंपे यांवर पाऊस पडला की अळ्यांसाठी अन्न व निवारा एकत्रच तयार होतो. कुजलेल्या वनस्पतींच्या पाण्याकडे अंडी घालणारी मादी आकृष्ट होते. डासांच्या सापळ्यांत गवत कुजविलेले पाणी वापरतात ते याच कारणाने.

हे काम नगरपालिकेचे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाच्या चार कारणांत उदकाची गणना केली आहे. पाण्याचा विचार वैद्याच्या कर्तव्याबाहेरचा नाही.

उपाय साधा, पण पूर्ण हवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक साठा संपूर्ण रिकामा करून आतून घासावा व कोरडा ठेवावा. अंडी भिंतीस चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून घासणे अनिवार्य आहे. जो साठा रिकामा करता येत नाही, त्यास घट्ट झाकण घालावे अथवा त्यात गप्पी मासे सोडावेत. ज्वराच्या प्रत्येक रुग्णास पथ्यापथ्यासोबत ही सूचना लेखी द्यावी आणि फार्मसीधारकांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या आवारातील चोथा व पिंपे यांची व्यवस्था लावावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.