तीन आडव्या रेघांचे दार

भुसार बाजारात हमाली करणारे आमचे एक शेजारी मुलीच्या शिष्यवृत्तीची यादी पाहायला एका कार्यालयात गेले. 'यादी वेबसाइटवर आहे,' एवढे सांगून त्यांना परत पाठवले. दिवसाचा खाडा पडला, मजुरी बुडाली. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आम्ही मोबाइलवर ती वेबसाइट उघडली. वर नाव, खाली मोठा फोटो, बाकी काही नाही. अर्धा तास आम्हीही चाचपडलो. शेवटी मुलीनेच कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवले. लगेच 'अर्ज', 'सूचना', 'यादी' अशी नावे एकाखाली एक उतरली.

वाचकहो, त्या रेघा म्हणजे नक्षी नव्हे, दार आहे. १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ही खूण काढली. एकाखाली एक लिहिलेली यादी जशी दिसते, तशीच ती आहे. पुढे मोबाइल आला. वीतभर पडद्यावर सगळी नावे मावेनात. तेव्हा नावे आत मिटून ठेवायची आणि बाहेर ही खूण लावायची, अशी रीत पडली. बऱ्याच ठिकाणी रेघांवर बोट ठेवले की मधली रेघ नाहीशी होते आणि वरची-खालची तिरपी होऊन फुली होते. फुली दिसली की समजावे, दार उघडे आहे. पुन्हा दाबले की मिटते. घाबरू नका, त्याने काही बिघडत नाही.

आपल्या मार्केट यार्डातच राज्याच्या कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. रोजचे बाजारभावही आता त्याच्या वेबसाइटवर मिळतात. अर्ज, निकाल, भाव, सारेच मोबाइलवर आले. ज्याला दार सापडत नाही, तो बाहेरच राहतो.

आपली काही मुले-मुली आता वेबसाइट बनवण्याचे काम शिकत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे. हमाल एकाच हुकाने तांदळाचे पोते उचलतो आणि साखरेचेही. तसे हे बटण एकदाच नीट घडवावे आणि प्रत्येक पानावर तेच लावावे. मात्र घडवताना चूक राहिली, तर ती पानोपानी जाते. म्हणून रेघांशेजारी मराठीत 'मेनू' असे लिहा. राबून जाड झालेले बोट सहज बसेल एवढी जागा ठेवा. नुसते चित्र लावू नका, खरे बटण करा आणि त्याला नाव द्या. म्हणजे अंध माणसाचा मोबाइल ते नाव वाचून दाखवील. रेघांची हालचाल क्षणभरच असावी. काहींना हलत्या चित्रांनी गरगरते. त्यांनी मोबाइलमध्ये हालचाल कमी ठेवली असेल, तर तुमच्या रेघांनीही ते ऐकावे.

आणि घरातल्या मुलांनो, आईबापांच्या हातून मोबाइल ओढून घेऊन 'मी करतो' म्हणू नका. तो त्यांच्याच हाती राहू द्या. त्या तीन रेघांवर त्यांचे बोट एकदा त्यांनाच ठेवू द्या.