कंपनीला आत्मा असतो म्हणे!

भूत, पिशाच्च, देवाची अवकृपा ही सारी अडाणी माणसाची खुळे आहेत, असा आपल्याकडील शिकलेल्यांचा समज असतो. त्यांनी जरा इंग्लंड-अमेरिकेकडे पाहावे. तेथे पदवीधर, संगणकावर काम करणारी, कोणत्याही चर्चची पायरी न चढणारी अशी एक मंडळी आहे, जी बड्या कंपन्यांना चक्क अशरीरी शक्ती मानते. काहीजण त्यांच्या आवाहनाची भाषा करतात, काहीजण त्यांच्यावर करणी करण्याची!

या मंडळींचा पंथ 'केऑस मॅजिक' म्हणून ओळखला जातो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये उभा राहिला. पीटर कॅरोल यांचे 'लिबर नल' हे त्याचे एक मूळ पुस्तक १९७८चे. देव खरा की खोटा हा वादच सोडून द्या, श्रद्धा हे एक हत्यार आहे, गरज असेल तेव्हा उचला आणि काम झाले की ठेवून द्या, असे हा पंथ शिकवतो. १९५६ साली वारलेले लंडनचे चित्रकार ऑस्टिन उस्मान स्पेअर यांच्याकडून त्याने एक विधी उचलला. आपली इच्छा कागदावर लिहायची, दुसऱ्यांदा आलेली अक्षरे खोडायची आणि उरलेल्या अक्षरांची गुंफण करून एक चिन्ह तयार करायचे. त्यावर मन एकाग्र करायचे आणि मग ते विसरून जायचे. या चिन्हाला 'सिजिल' म्हणतात. आपल्याकडे ताईत आणि यंत्रे विकणारे भोंदू याहून फार वेगळे काही करीत नाहीत, फक्त ते पैसे आधी घेतात.

ग्रँट मॉरिसन या स्कॉटिश कॉमिक्स-लेखकाने २००३ साली 'पॉप मॅजिक' नावाच्या लेखात हा धागा पुढे नेला. कंपनीचा लोगो हाही असाच एक सिजिल आहे, असे त्यांचे म्हणणे. वॉल्ट डिस्ने १९६६ साली गेले, पण त्यांची सही आजही जगभर मुलांना खेचते. नायकी कंपनीने तर विजयाच्या ग्रीक देवतेचे नावच घेतले. तिचे ते बाकदार चिन्ह १९७१ साली एका विद्यार्थिनीने अवघ्या ३५ डॉलरमध्ये काढून दिले होते. असंख्य लोकांचे लक्ष एका चिन्हावर एकवटले की त्यातून एक सामूहिक शक्ती जन्मते, ती त्या लक्षावरच पोसली जाते आणि आपल्याला जन्म देणाऱ्या माणसांनाच वापरू लागते, अशी या वर्तुळातील समजूत आहे. अशा शक्तीला ते 'एग्रेगोर' म्हणतात.

हे वाचून हसू येईल. कायदा शिकलेल्या माणसाने मात्र हसण्यापूर्वी थोडे थांबावे. 'सिजिल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ मोहोर किंवा शिक्का. आपल्या १९५६च्या कंपनी कायद्यात प्रत्येक कंपनीला असा सामाईक शिक्का सक्तीचा होता. ही सक्ती २०१५ साली गेली. कंपनी जन्मते ती निबंधकाच्या प्रमाणपत्राने. तिचे सगळे भागधारक मेले तरी ती मरत नाही. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली सालोमन खटल्यात सांगून टाकले की कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, मग सारे भाग जवळपास एकट्या त्याच्याच हातात का असेनात. म्हणजे अशरीरी शक्ती निर्माण करण्याचा विधी या जादूगारांच्या कितीतरी आधी वकिलांनी आणि न्यायाधीशांनी पार पाडला होता. आपल्याकडे तर देवळातील मूर्तीही कायद्याने व्यक्ती ठरते. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली ते मान्य केले. १९३०मध्ये काळाराम मंदिराच्या दारात बसलेल्या हाडामांसाच्या माणसांना मात्र आत प्रवेश नव्हता.

तेव्हा जादूगारांचे निरीक्षण अगदीच खोटे नाही. मजूर कपात झाली, पगार थकला, की शिपायापासून संचालकापर्यंत प्रत्येकजण सांगतो, 'कंपनीचे धोरण आहे.' जणू कंपनी त्याच्या अंगात आली आहे! पण अंगात आलेला बोलतो तेव्हा तोंड माणसाचेच असते, आणि त्याच्या हातातल्या काठीचे वळही खऱ्याच पाठीवर उठतात. कंपनीला आत्मा आहे असे म्हणणे कोणाच्या सोयीचे, हा खरा प्रश्न आहे. भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचा दृष्टांत दिला होता. चाक, आस, दांडी वेगळी केली तर 'रथ' म्हणून निराळे काही उरत नाही. कंपनीचेही तसेच आहे. आणि रथाखाली माणूस चिरडला, तर जाब रथाच्या आत्म्याला विचारायचा की लगाम धरणाऱ्याला?

भोपाळमध्ये काय झाले ते पाहा. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री विषारी वायूने हजारो माणसे मारली. कारखाना युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचा होता आणि तिचे निम्म्याहून अधिक भाग अमेरिकन कंपनीकडे होते. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ साली अमेरिकन कंपनीने आपले भाग विकले, भारतीय कंपनीने नाव बदलले. २००१ साली डाऊ केमिकलने खुद्द युनियन कार्बाइडच ताब्यात घेतली आणि 'कारखाना आमचा कधीच नव्हता' अशी भूमिका घेतली. २०१० साली भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली. भारतीय कंपनीला दंड झाला ५ लाख रुपये! वॉरन अँडरसन २०१४ साली अमेरिकेत वारले, त्यांच्यावर खटला चाललाच नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

पूर्वजन्मीच्या पापाची फळे भोगता आहात, असे आमच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. कंपनीचा मात्र डोळ्यांदेखत पुनर्जन्म होतो आणि तिला मागच्या जन्माचे काहीच लागत नाही!

कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही. म्हणून जेथे कैद सक्तीची आहे तेथे तिच्यावर खटलाच चालू शकत नाही, असाही युक्तिवाद आपल्या देशात झाला. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो बहुमताने नाकारला. खटला चालेल, पण शिक्षा फक्त दंडाची. तोही दंड भरतो कोण? कंपनीच. निर्णय घेणाऱ्याचा खिसा शाबूत राहतो.

म्हणून या अशरीरी शक्तीला नैवेद्य दाखवूनही उपयोग नाही आणि तिच्या नावाने लिंबू कापूनही नाही. कंपनीचा पडदा बाजूला सारून मागची माणसे पाहण्याची वाट कायद्यातच आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या कारखान्याचा 'भोगवटादार' म्हणजे तिच्या संचालकांपैकीच एक, असे ठरवले गेले. कंपन्या याविरुद्ध न्यायालयात गेल्या. आम्ही एखाद्या अधिकाऱ्याला किंवा नोकराला भोगवटादार नेमू, ही त्यांची मागणी होती. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ती फेटाळून लावली. नाव द्यायचे तर संचालकाचेच द्यावे लागेल, असा निकाल झाला.