याचना नव्हे, हिशेब

पावसाळा ओसरला आणि चतुर्थी आटोपली, की गोमंतकातील हॉटेलांत नव्या हंगामाची झाडलोट सुरू होते. भिंतींना रंग लागतो, दरपत्रक नव्याने छापले जाते आणि माशांच्या थाळीपुढचा आकडा हळूच वर सरकतो. टेबले पुसणाऱ्या, ताटे घासणाऱ्या मुलाच्या पगाराचा आकडा मात्र बहुधा जागचा हलत नाही. दर वाढविताना मालक गिऱ्हाइकाची परवानगी मागत नाही. पण दोन वर्षे राबलेल्या मुलाने पगारवाढीचा शब्द काढला, की तो कृतघ्नपणा ठरतो. हा कोणता न्याय?

‘आम्ही त्याला घरच्यासारखे वागवतो’ असे अनेक मालक सांगतात, आणि त्यातील कित्येक ते मनापासून सांगतात. परंतु घरच्यासारख्या मुलाला घरचा हिशेब विचारण्याची मुभा नसेल, तर त्या आपुलकीचा अर्थ तोंड दाबून बुक्क्यांचा मार एवढाच उरतो. आपल्याकडील हॉटेलांत आज परप्रांतांतून आलेली मुलेही मोठ्या संख्येने राबत आहेत. भाषा परकी, गाव परके. त्यांना तर हा शब्द उच्चारणे अधिकच जड जाते.

स्वतंत्र भारताने १९४८ सालीच किमान वेतनाचा कायदा केला. त्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. किमान वेतन देणे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत चुकता करणे आणि जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देणे ही मालकाची मेहेरबानी नव्हे, त्याचे कर्तव्य होय. तेव्हा ज्याचा पगार किमान वेतनाहूनही कमी आहे, त्याने वाढ मागावयाची नसून आपले थकलेले देणे मागावयाचे आहे. हा भेद कामगाराने प्रथम जाणून घ्यावा.

किमान वेतनाच्या वर मात्र कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही. तेथे दोघांनी समोरासमोर बसूनच बोलणे प्राप्त आहे. हे बोलणे भर दुपारच्या गर्दीत किंवा गल्ला मोजला जात असताना काढू नये. दुपारची जेवणे उरकल्यावर, आणि शक्यतो हंगाम सुरू होण्यापूर्वी, शेटकडे वेळ मागून घ्यावा. कामावर कधी लागलो, तेव्हा कोणते काम करीत होतो आणि आज कोणते करतो, हे चार ओळींत लिहून न्यावे. मोरीवर भांडी घासण्यापासून आरंभ करून जो आज ऑर्डर घेतो, बिल करतो, नव्या मुलांना वळण लावतो, तो पूर्वीचा मुलगा राहिलेला नाही. घरची अडचण सांगून दया उपजेल. कामाचा हिशेब मांडला तर मान मिळेल. आकडाही स्वतःच सांगावा. ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणाऱ्याच्या पदरी बहुधा तेवढेच पडते.

मालकानेही गणित करून पाहावे. समजा, पंधरा हजार रुपये पगार असलेल्या चार मुलांना शेकडा दहा वाढ दिली. प्रत्येकी दिवसाला पन्नास, म्हणजे चौघांचे दोनशे रुपये झाले. दिवसाकाठी दोनशे ताटे वाढणाऱ्या हॉटेलात हा भार ताटामागे एक रुपया पडतो. गॅस, तेल आणि मासळी महागली हे खरेच. पावसाळ्यात टेबले रिकामी राहतात हेही खरे. पण त्या सगळ्या भाववाढीसमोर हा रुपया असह्य आहे काय?

वाढ मागणाऱ्याच्या हातावर उचल ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे. उचल हे कर्ज होय. ते फिटेपर्यंत मुलगा हलू शकत नाही आणि बोलूही शकत नाही. बक्षिसीकडे बोट दाखविणे हीही तशीच पळवाट. गिऱ्हाईक खूश होऊन जे ठेवून जाते तो पगार नव्हे.

‘आजकाल कामाला माणसेच मिळत नाहीत’ ही तक्रार आपण रोज ऐकतो. माणसे मिळतात, पण टिकत नाहीत. येथे काम शिकलेला मुलगा बोटीवर जातो, आखातात जातो किंवा पलीकडच्या हॉटेलात जातो, आणि मालक पुन्हा नवख्याला ताट धरावयास शिकवू लागतो. त्या शिकवण्यात फुटणाऱ्या बशा आणि तुटणारी गिऱ्हाइके कोणत्या वहीत लिहिली जातात?

आमची सूचना साधी आहे. दरपत्रक नव्याने छापावयाचे ठरेल, त्याच दिवशी मालकाने पगाराची वहीही उघडावी. मुलाने मागण्यापूर्वीच त्याला बोलवावे, काय देता येईल ते सांगावे, आणि देता येत नसेल तर कधी देता येईल ती तारीख सांगावी. जो दिवसभर दुसऱ्यांची ताटे भरतो, त्याला स्वतःच्या ताटाविषयी बोलताना मान खाली घालावी लागू नये.