देव बघतोय, असं आपल्याला का वाटतं? समजून घ्या सोप्या शब्दांत

देव, पितर, भूत, वनदेवता... नावं वेगळी. पण न दिसणाऱ्या शक्तींवरची श्रद्धा एकमेकांशी कधी संबंध न आलेल्या समाजांतही सापडते. हे कसं घडलं?

मेंदूतला अलार्म

गवतात सळसळ झाली. वारा असेल किंवा वाघ. वाऱ्याला वाघ समजून पळालात, तर फक्त दमछाक. वाघाला वारा समजलात, तर खेळ खलास. स्मोक अलार्म फोडणीच्या धुरानेही वाजतो, पण आगीत गप्प बसण्यापेक्षा ते परवडतं. उत्क्रांतीने आपला मेंदूही असाच घडवला, असं स्टुअर्ट गथ्री, जस्टिन बॅरेट यांसारखे अभ्यासक मांडतात. आवाजामागे, आजारामागे, वादळामागे त्याला आधी 'कोणीतरी' दिसतं.

१९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे फिरत होते. जवळपास सगळ्या प्रेक्षकांनी त्यात पाठलाग आणि भांडण पाहिलं!

मग देव न्याय का करू लागला?

गावात सगळे ओळखीचे. फसवलं तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं कसं? पण वस्ती वाढली, अनोळखी माणसांशी व्यवहार आला. तेव्हा सगळं पाहणारा, शिक्षा करणारा देव विश्वासाचा आधार बनला, असं आरा नोरेंझायन 'बिग गॉड्स' (२०१३) या पुस्तकात म्हणतात.

२०१६ मध्ये 'नेचर'मध्ये याची एक चाचणी प्रसिद्ध झाली. फिजी, टांझानिया, सायबेरियासह ८ समुदायांतले ५९१ जण. प्रत्येकासमोर दोन पेले, ३० नाणी आणि एक फासा. एक पेला मनात धरायचा. फाशाच्या रंगावरून नाणं त्यात टाकायचं की दुसऱ्यात, हे ठरायचं. मनातला पेला कोणाला कळणार? म्हणजे लबाडी सहज शक्य. तरीही आपला देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं जास्त मानणाऱ्यांनी दूरच्या, अनोळखी स्वधर्मीयाच्या पेल्यात जास्त नाणी टाकली.

वाद संपलेला नाही

आधी मोठे समाज आले, न्यायी देव नंतर, असं सांगणारा शोधनिबंध २०१९ मध्ये 'नेचर'मध्येच आला. माहितीच्या हाताळणीवर आक्षेप आले आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. आधी कोण, हा प्रश्न अजून खुला आहे.

मग यातून घ्यायचं काय?

देव आहे की नाही, याचा निकाल हे संशोधन देत नाही. पण दोन समज मात्र डळमळतात. 'श्रद्धाळू म्हणजे अडाणी' हा पहिला. तो अलार्म नास्तिकाच्या डोक्यातही वाजतो. 'देवाचा धाक गेला की नीती गेली' हा दुसरा. विश्वासार्ह कायदा आणि न्यायव्यवस्था असेल तर धाकाविनाही समाज नीट चालतो, हे डेन्मार्क, स्वीडन दाखवतात.

आणि एक गोष्ट विसरू नका. त्या पेल्यापलीकडचा अनोळखी माणूस आपल्याच धर्माचा होता. परधर्मीयासाठी किती नाणी पडली असती, हे त्या खेळाने विचारलंच नाही. आज आपल्या इमारतीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात रोज तोच प्रश्न समोर असतो. त्याचं उत्तर फाशावर सोडून चालणार नाही.