मकबरा वाचला, गाव बुडाले

तुर्कस्तान म्हटले की आपल्याला इस्तंबूलच्या मशिदी, गालिचे अन् बकलावा आठवतो. मला मात्र टायग्रिसकाठचे हसनकेफ आठवते. हजारो वर्षे नांदते असलेले हे गाव २०२० मध्ये इलिसू धरणाच्या पाण्याखाली गेले. तत्पूर्वी २०१७ मध्ये तेथील झेनेल बेचा पंधराव्या शतकातील मकबरा चाकांवर चढवून सुमारे दोन किलोमीटर दूर नेण्यात आला. पर्यटकांची सोय झाली! पण गुहांतली घरे, जुना बाजार कसा हलविणार? आपल्याकडेही उजनीचे पाणी फार ओसरले की पळसदेवचे देऊळ वर येते. गाव काही वर येत नाही. वास्तू वाचली म्हणजे वारसा वाचला, असे मी मानीत नाही. वारसा माणसांच्या वहिवाटीत असतो.