भूगर्भाची साक्ष

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी ही गावे क्षणार्धात ढिगाऱ्याखाली गाडली गेली. भूकंपाचा धोका सर्वांत कमी मानलेल्या पट्ट्यात हजारोंचे प्राण गेले. त्या धक्क्याच्या लहरी दूरदेशीच्या भूकंपमापकांनीही टिपल्या. हेच यंत्र भूमिगत अणुस्फोटाचीही वार्ता देते. चाचण्या वातावरणात व्हाव्यात की भूगर्भात, हा शास्त्रज्ञांचा वादही अखेर याच यंत्रापाशी येऊन ठेपला होता.

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरील अमेरिकी चाचणीची किरणोत्सारी राख जपानी मच्छीमारांवर पडली. स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य गवतातून दुधात व दुधातून बालकांच्या हाडांत उतरते, हे पुढे स्पष्ट झाले. लायनस पॉलिंग यांनी १९५८ मध्ये हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाला दिले. एडवर्ड टेलर यांच्या मते हा धोका नगण्य होता. शिवाय भूगर्भातील चाचण्या लपवता येतील, असा त्यांचा आक्षेप होता. लहान स्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांतील भेद ओळखणे त्या काळी खरोखरच कठीण होते.

१९६३ च्या करारात त्यामुळे तडजोड झाली. वातावरण, अंतराळ व जलाखालील चाचण्यांवर बंदी आली, भूगर्भ मोकळा राहिला. हवा शुद्ध झाली, शस्त्रस्पर्धा मात्र थांबली नाही. करारावर स्वाक्षरी न करणारा चीन १९८० पर्यंत वातावरणात स्फोट करीत राहिला. भारताने स्वाक्षरी केली आणि शब्द पाळला. १९७४ व १९९८ चे पोखरण येथील स्फोट भूगर्भातच झाले.

तरीही साक्ष पुन्हा भूकंपमापकाचीच निघाली. १९९८ चा औष्णिक-आण्विक स्फोट सुमारे ४५ किलोटनांचा होता, असे भारतीय अणुशास्त्रज्ञांनी सांगितले. अनेक परदेशी तज्ज्ञांनी तो आकडा कमी ठरवला. २००९ मध्ये के. संथानम यांनीही शंका घेतली, तेव्हा आर. चिदंबरम व अनिल काकोडकर यांनी तिचे खंडन केले. लहरींची तीव्रता खडकाच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणूनच स्थानिक भूरचनेचे ज्ञान निर्णायक ठरते.

हे ज्ञान उसने आणता येत नाही. स्वदेशी वेधशाळांचे सघन जाळे आणि निष्णात भूकंपशास्त्रज्ञ ही राष्ट्राच्या संरक्षणाची गरज आहे, तशीच सास्तूरच्या घराघराचीही. आपल्या भूमीची नाडी आपल्यालाच कळली पाहिजे. अन्यथा तिचे निदान इतरांकडून ऐकावे लागेल.